घरात असलेला बाप्या

एका वाचकाचे पत्र : "मी दापोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय ३९. सोळा वर्षे मुंबईत एका कुरिअर कंपनीत नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याच सुमारास कंपनीने आमची शाखा बंद केली, म्हणून गावी परतलो. आई आधीच गेलेली. पत्नी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिला तिन्ही पाळ्या असतात. त्यामुळे स्वयंपाक, धुणे, वडिलांची आंघोळ, त्यांचे अंथरुणातले सगळे करणे, नऊ वर्षांच्या मुलाचा डबा आणि अभ्यास माझ्याकडे आला आहे. बायकांची कामे करण्याची मला लाज नाही, पण लोक जगू देत नाहीत. गावकीच्या बैठकीत मी बोलायला उठलो, तर 'तुमच्या घरचं कोण बोलणार, तू की वहिनी?' असे कोणीतरी विचारले आणि सगळे हसले. आता मे महिन्यात मुंबईकर आले आहेत, त्यांची थट्टा रोजची. (कपडे मी परसात, विहिरीमागे वाळत घालतो, पुढे खळ्यात घातले की येणारा-जाणारा बघतो.) वडील गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचे. पण त्यांनी कधी स्वतःचे ताटसुद्धा उचलले नाही. मी त्यांना न्हाऊ घालतो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करतात आणि 'तू मुंबईला जा' एवढेच म्हणतात. मुलाची शाळा दापोलीत आहे, पालकसभेला पत्नी जाते. परवा बाजारात त्याच्या बाई भेटल्या आणि सहज म्हणाल्या, 'सुट्टीवर आलात का?' तेव्हा कळले, की त्याने वर्गात 'बाबा मुंबईला कंपनीत असतात' असे सांगितले आहे. त्या रात्रीपासून झोप नाही. मित्रांबरोबर थोडी घेतली की डोळा लागतो. पत्नी समजूतदार आहे, पण तीही रुग्णालयात 'ते बागायत बघतात' असेच सांगते. आमची कलमे जेमतेम अठरा. कमी पगारावर का होईना, मी मुंबईला परत जावे का?"

उत्तर :

कपड्यांविषयीचे वाक्य तुम्ही कंसात घातले आहे. मला जे सांगायचे आहे ते त्या कंसापाशीच येऊन थांबणार आहे. पण आधी तुमच्या वडिलांची गोष्ट घेऊ.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावत गेल्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवाडीत ऐन उमेदीतले बाप्ये ट्रंक घेऊन उतरले. त्या घरांची चूल पेटती ठेवली ती बायकांनी: भाताची लावणी, गवताचे भारे, दुसऱ्याच्या बागेत मोलाने जाणे. तुमच्या घरी याहून फार वेगळे झाले नसणार. तुमचे वडील तेव्हा कमावत नव्हते, आणि घरात ताटही उचलत नव्हते असे तुम्हीच लिहिता. त्यांना गावाने कधी बायल्या म्हटले का? गावकीत ते बोलायला उठल्यावर कोणी हसले का? हसले असते, तर गावाने ते तुमच्या कानांवर घातल्याशिवाय सोडले नसते.

म्हणजे गाव बेकारीला हसत नाही. पारावर दिवसभर पत्ते कुटणारा बेकार गावाला चालतो. संध्याकाळी पिऊन बांधावर पडणाराही चालतो, त्याच्याविषयी तर हळहळून बोलतात. पण कमाई नसलेला पुरुष बापाचे अंथरूण धुवायला बसला, की तो पुरुषांतून उठला असे ठरते. तुम्ही पत्रभर असे धरून चालला आहात, की नोकरी गेली म्हणून मान गेला आणि नोकरी मिळाली की तो परत येईल. मला ते पटत नाही. तुमचा मान नोकरीबरोबर गेला नसून धुण्याच्या दगडावर गेला आहे, आणि हा हिशेब मुळातच खोटा असल्यामुळे तो मुंबईला जाऊन फिटणार नाही.

हा हिशेब आपल्याकडे बसला कसा, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या गिरण्यांना सर्वांत जास्त माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी होता. जमीन थोडी, त्यात खोताचा वाटा, भाताचे एकच पीक. म्हणून पुरुष बोटीने मुंबईस गेला आणि आई, बायको, मुले मागे राहिली. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली, तेव्हापासून त्याच्या पुरुषपणाची जणू पावतीच घरपोच येऊ लागली: वर रक्कम, खाली दोन ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती जागा, आणि पोच म्हणून बायकोचा अंगठा. तो गणपतीला येई, शिमग्याला येई आणि पाहुण्यासारखा राही. माझ्या माहेरी, गुहागर तालुक्यात, वडील आले की आम्हां मुलांना ओटीवर दंगा करायला बंदी असे आणि आई त्यांना पहिल्या धारेचा चहा देई. स्वतःच्या घरात पाण्याचा हंडा कुठे ठेवला आहे हे मात्र त्यांना दर खेपेस विचारावे लागे. आम्हांला यात काही गैर वाटत नसे. उलट वडील म्हणजे असेच असतात, पैसे पाठवणारे आणि घरात नसणारे, ही आमची पक्की समजूत होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात त्या अकराशेहून अधिक भरल्या. हा आकडा आपण कोकणच्या पुढारलेपणाची खूण म्हणून मिरवतो; त्याचा मोठा भाग म्हणजे गावात नसलेल्या पुरुषांची हजेरी आहे.

आपल्या किनाऱ्यावर पुरुषार्थ असा नसण्यावर उभा राहिला. म्हणून मंगळवारी दुपारी स्वतःच्या घरात दिसणारा धडधाकट बाप्या लोकांना खुपतो. तो काय करतो आहे हे पुढचे, तो तिथे आहे हेच त्यांना आधी चुकल्यासारखे वाटते. आणि थट्टा करणाऱ्यांत मुंबईकर पुढे आहेत, याचेही मला नवल वाटत नाही. त्यांनी ज्या वर्षांची किंमत मोजून मान मिळवला, मुलांची बाळपणे ज्यापायी हुकवली, ते सगळे टाळूनही माणूस बाप राहू शकतो असे तुमच्याकडे बघून त्यांना दिसते, आणि ते दिसणे सोसणे सोपे नसते.

मर्दानगी रक्तातून येते असे कोणी सांगितले, तर त्याला तुमच्या तालुक्याचाच इतिहास सांगा. दापोलीला अजून 'कॅम्प' म्हणतात, कारण तिथे इंग्रजांची छावणी होती. कोकणातले महार शिपाई मुंबई लष्करात मोठ्या संख्येने होते आणि निवृत्तीनंतर त्यांतली कितीतरी कुटुंबे दापोलीच्या आसपास राहिली, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही काही काळ तिथेच होते. १८९० च्या दशकात सरकारने 'लढवय्या' आणि 'न लढवय्या' जाती ठरवल्या, महारांना दुसऱ्या रकान्यात टाकले आणि त्यांची भरती बंद केली. निवृत्त शिपाई गोपाळ बाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा महारांची पलटण उभारली गेली, युद्ध संपल्यावर ती मोडली, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या बंदूक धरली होती त्याची मर्दानगी सरकारी कागदाने गेली, आली, पुन्हा गेली आणि पुन्हा आली. ते मनगट मात्र सगळा वेळ तेच होते.

शिमग्यात साडी नेसून गोमू नाचतो, त्याच्या हातावर लोक पैसे ठेवतात, त्याला कोणी बायल्या म्हणत नाही. साडी नेसलेला पुरुष गावाला चालतो आणि साडी धुणारा चालत नाही, याचा अर्थ एवढाच, की खेळ संपला की गोमूची साडी उतरते. तुमचे धुणे उद्या पुन्हा आहे.

आता थोडे तुमच्याशी भांडते. 'बायकांची कामे करण्याची मला लाज नाही' असे तुम्ही लिहिता, आणि पुढच्या काही ओळींत विहिरीमागे दोरी बांधता. शिवाय, ती कामे बायकांची आहेत हे तुम्ही मान्य करूनच वाक्य सुरू केले आहे. तुम्ही मुंबईत होतात त्या सोळा वर्षांत हेच घर कोणीतरी चालवत होते. मुलाची दुपटी कोणीतरी धूत होते, आणि रात्रपाळी करून आलेली तुमची पत्नी सकाळी भाकऱ्याही थापत होती. तेव्हा तिला कोणी हसले नाही, हे खरे. पण कोणी पत्रही लिहिले नाही. तुम्ही जे करता आहात ते चांगले आहे. मोठेपणाचे मात्र नाही, आणि तसे समजू लागलात तर तुमच्या मनात पत्नीविषयी एक थकबाकी साचू लागेल, जी ती कधीच फेडू शकणार नाही.

आणि तुम्ही समजता तितके एकटेही नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे २६ टक्के पुरुष दिवसभरात काही ना काही बिनपगारी घरकाम करताना आढळले. स्त्रियांचे प्रमाण सुमारे ८१ टक्के होते. करणाऱ्यांचा सरासरी वेळ पाहिला तर स्त्रियांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७, तेव्हा पुरुषांनी टाळ्या वाजवून घेण्यासारखे त्यात काही नाही. पण देशाचा हा हिशेब तुमच्या वाडीला लावला, तर गावकीत हसणाऱ्या चाळीस जणांतले दहा जण घरी भांडी विसळत असणार. ते तुम्हाला दिसत नाहीत, कारण त्यांच्याही घरामागे विहीर आहे.

तुमच्या मुलाने शाळेत जे सांगितले, त्याकडे याच बाजूने पाहा. घरातले काम चांगले की वाईट, हे नऊ वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते. कोणती गोष्ट पुढच्या अंगणात करायची आणि कोणती मागे, हे मात्र त्याला नेमके कळते. बाबा पाऊल वाजल्यावर हातातले पातेले खाली ठेवतात, आई रुग्णालयात बागायतीचे नाव सांगते. त्याने दोघांचे ऐकून तिसरे वाक्य तयार केले. त्याला खोटे बोलल्याबद्दल रागावू नका, आणि तुम्हाला ते कळले आहे असेही दाखवू नका. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पालकसभेला तुम्ही जा. शाळेच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असतो. तो भरताना मुलाला जवळ बसवा आणि सरळ 'घर सांभाळतो' असे लिहा. तो गप्प राहिला तर राहू द्या. गोष्ट सांगावीशी वाटली तर पालगडच्या साने गुरुजींची सांगा, ते तुमच्याच तालुक्यातले: अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांचे कपडे धूत, अंथरुणे आवरत, आणि पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले. तात्पर्य काढून दाखवू नका. मुलांना ते आवडत नाही.

पत्नीच्या 'ते बागायत बघतात' या वाक्याने तुम्हाला लागले आहे, हे तुम्ही लिहिले नसले तरी दिसते. तिला जाब विचारण्याआधी एवढे लक्षात घ्या, की तुम्हाला बाईलबुद्ध्या म्हणणारे लोक तिला 'नवऱ्याला धुण्याला बसवणारी' म्हणत असतात, आणि ते तिच्या तोंडावर न म्हटल्यामुळे तिला उत्तरही देता येत नाही. ती तुमचीच नव्हे, स्वतःचीही अब्रू त्या अठरा कलमांनी झाकते आहे. बाहेर काय सांगायचे ते दोघांनी मिळून ठरवा, आणि मग दोघांनी तेच सांगा. त्याच बैठकीत पैशाचेही बोला. प्रत्येक वेळी पेट्रोलला, औषधाला पैसे मागावे लागत असतील, तर त्या मागण्यात जो अपमान आहे तो पुरुष असण्याचा नाही. तो आपल्या आयांनी मनीऑर्डरीची वाट बघत जन्मभर भोगला. घरखर्चाचे संयुक्त खाते उघडा आणि त्यातून दोघांनीही न विचारता खर्च करावा.

गावकीतल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे असेल तर हसत द्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वयाने मोठ्या सज्ञान स्त्रीचे नाव लागते. तेव्हा 'वहिनीच बोलणार, तुमच्या घरचंही रेशनकार्ड बघा' असे म्हणायला हरकत नाही. एरवी गावकीवर फार शक्ती घालवू नका.

वडिलांचे प्रकरण मला सगळ्यांत अवघड वाटते. ते तुमच्यावर रागावले आहेत असे मला वाटत नाही. ज्या शरीराच्या जोरावर त्यांनी गिरणीच्या साच्यावर पाळ्या केल्या, ते शरीर आता मुलाच्या हाती आहे, आणि तो मुलगा म्हणजे त्यांच्या हिशेबात मुंबईत असायला हवा होता. भिंतीकडे वळलेले तोंड तेवढे एकच पांघरूण त्यांच्याजवळ उरले आहे. न्हाऊ घालताना कमरेचा पंचा शेवटपर्यंत राहू द्या, ज्या हातात शक्ती आहे त्या हातात तांब्या द्या, आणि पाणी त्यांचे त्यांना ओतू द्या, मग अर्धे जमिनीवर सांडले तरी चालेल. दाढी जमत असेल तर आरसा समोर धरा आणि तुम्ही बोलू नका. कोणता व्यायाम करून घ्यायचा हे फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. आणि एखाद्या दुपारी, कोणी नसताना, त्यांना एवढेच विचारा, की ट्रंक घेऊन उतरलात तेव्हा पहिला महिना कसा गेला. हा प्रश्न त्यांना त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांत कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही. ते उत्तर देतील असेही नाही.

मुंबईला परत जावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते व्यवहाराचे आहे. खोलीचे भाडे, खाणावळ आणि महिन्यातून एकदा येण्याजाण्याचा खर्च वजा जाता कमी पगारातून जे उरेल, त्यात वडिलांचे अंथरुणातले करायला गावात माणूस मिळणार नाही. म्हणजे ते काम तिन्ही पाळ्या करणाऱ्या बाईच्या अंगावर पडेल. मन लागेल असे काम दापोलीत मिळाले, पाळ्यांची सांगड बसली, तर जरूर करा. कामाची हौस असणे आणि लोकांच्या तोंडापासून पळणे यांतला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल.

झोपेविषयी तुम्ही दोनच वाक्ये लिहिली आहेत, पण मी ती हलकी धरत नाही. आपल्याकडचे पुरुष दुःख बोलत नाहीत, पितात, आणि पुष्कळदा त्याच्याही पुढे जातात. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांत सात पुरुष असतात. झोपेसाठी घेतलेला पेला महिन्या-दोन महिन्यांत झोपही नेतो. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. पत्नीच्या रुग्णालयात जायला संकोच वाटत असेल तर आधी या क्रमांकावर फोन करा. आज रात्री करा.

उरली दोरी. पुढे खळ्यात, माडापासून पडवीच्या खांबापर्यंत ती बांधा आणि सगळ्यांचे कपडे एका ओळीत घाला. पत्नीची साडी, वडिलांचा पंचा, मुलाचा गणवेश, तुमची बनियन. कोणी थांबून बघू लागला तर चिमटे तोंडात असल्यामुळे तुम्हाला बोलता येणार नाही, आणि तेच बरे. मात्र हे या आठवड्यात करा. सात जूनच्या सुमारास मृग लागला की दोरी सगळ्यांचीच पडवीत येते, आणि तोवर मुंबईकरही गाडीत बसलेले असतील.